सहीच्या आधीचे पाच महिने: बहुराष्ट्रीय कंपनीत रणनीती कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या स्ट्रॅटेजी विभागात नुकताच रुजू झालोय. मुख्यालयात केलेली योजना कागदावर बिनतोड दिसते, पण देशोदेशीच्या शाखांत पोचेपर्यंत तिचं काहीतरी भलतंच होतं. अभ्यासक्रमात आम्हाला संस्कृती, स्पर्धा, चलन, कायदे अशी आव्हानांची यादी शिकवली होती. प्रत्यक्षात सगळ्यांत अवघड काय असतं, आणि मी सुरुवात कुठून करू?"

वीसेक वर्षं मी याच कामात आहे. आधी एका शाखेच्या फायनान्स विभागात, मग विभागीय कार्यालयात आणि अलीकडे मुख्यालयाच्या प्लॅनिंगमध्ये. म्हणजे जे आकडे मी पूर्वी हात राखून वर पाठवायचे, तसलेच आकडे आता माझ्या टेबलावर येतात. तुमची यादी चुकीची नाही. पण त्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक संकट कंपनीत कोणाला तरी आधीच दिसलेलं असतं: सेल्समधल्या एखाद्या मॅनेजरला, गोदाम सांभाळणाऱ्याला, शाखेच्या वकिलाला. ज्याला दिसलं त्याला सहीचा अधिकार नसतो. आणि सही ज्याची असते त्याच्यापर्यंत ती गोष्ट चार पायऱ्या चढून, कडा घासल्या जाऊन, गुळगुळीत होऊन पोचते. माझ्या मते सगळ्यांत अवघड ते हेच. बाकीची दुखणी बहुतेक यामुळेच चिघळतात.

बजेटचा हंगाम घ्या. शाखाप्रमुखाला आतून माहीत असतं की पुढच्या वर्षी विक्री १४ टक्क्यांनी वाढेल. तो ८ टक्के लिहितो, कारण विभागीय कार्यालय त्यावर २ चढवणार आणि मुख्यालय आणखी १ चढवणार, हे त्याला पाठ झालेलं असतं. शेवटी ११ वर तडजोड होते, सगळे समाधानाने उठतात, आणि वर्षअखेरीस तो टार्गेटच्या पुढे जाऊन बोनस घेतो. यात कोणी लबाडी केली असं म्हणणंही जड जातं, कारण हा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो. पण भांडवलाचं वाटप याच आकड्यांवर होतं. कुठल्या देशात नवी उत्पादन लाइन टाकायची, कुठला खर्च कापायचा, हे त्या ८ आणि ११ वरून ठरतं. जो हात राखून बोलतो त्याच्या बाजारात खरी संधी असूनही पैसा जात नाही, आणि ज्याला गोड चित्र रंगवता येतं त्याच्याकडे तो ओतला जातो. मग पाच वर्षांच्या योजनेचं सादरीकरण कितीही देखणं असो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझाच एक किस्सा सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांना नावं ठेवतेय असं वाटायला नको. शाखेत असताना दर महिन्याला जोखमींचा एक तक्ता वर जायचा: हिरवा, पिवळा, लाल. आमचा सगळ्यांत मोठा वितरक नाराज आहे आणि प्रतिस्पर्ध्याशी बोलतोय, हे मला आणि सेल्सप्रमुखांना कळलं होतं. त्या ओळीत लाल भरायला हवा होता. मी पिवळा भरला. लाल भरला की दर आठवड्याला विभागीय कार्यालयाचा कॉल, त्यासाठी बारा स्लाइड, आणि प्रत्येक स्लाइडवर 'ही वेळ आलीच का' हा प्रश्न. मदत मात्र शून्य. तीन महिने ती ओळ पिवळी राहिली. चौथ्या महिन्यात वितरक गेला आणि ती एकदम लाल झाली. मुख्यालयात बसायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की वरून तो तक्ता किती शांत दिसतो. आता जिथे सलग सहा महिने सगळं हिरवं-पिवळं असतं, त्या देशाला मी सगळ्यांत आधी फोन लावते.

याचं जगजाहीर उदाहरण २००० सालचं. १७ मार्चला अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीच्या फिलिप्स चिप कारखान्यावर वीज पडून आग लागली. आग काही मिनिटांतच विझली, पण धुराने आणि पाण्याने क्लीनरूमची, म्हणजे चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीची, वाट लागली. तिथल्या चिप नोकिया आणि एरिक्सन या दोघांच्याही मोबाइल फोनमध्ये जायच्या. दोघांनाही सुरुवातीला सांगितलं गेलं की आठवडाभराचा उशीर होईल. नोकियाने त्यावर विसंबून न राहता त्या भागांवर रोजची पाळत ठेवली, बातमी लगेच वरपर्यंत नेली, आणि काम लांबणार हे कळताच फिलिप्सच्या इतर कारखान्यांतली क्षमता आणि दुसरे पुरवठादार पदरात पाडून घेतले. एरिक्सनमध्ये हीच बातमी वरिष्ठांपर्यंत पोचायला कितीतरी आठवडे गेले, आणि तोवर पर्यायी माल बाजारात उरलाच नव्हता. सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी एरिक्सनने मोबाइल फोनचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत टाकला. त्याला इतर कारणंही होती, सगळं खापर त्या आगीवर फोडता येणार नाही. पण बातमी किती वेगाने वर जाते यावर धंदा कसा फिरतो, हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

आता अधिकाराचा भाग. एका शाखेला एका उत्पादनाचं लहान पाकीट आणायचं होतं. प्रस्ताव जेमतेम दीड पानाचा. ब्रँडवाल्यांनी विचारलं, लोगोचा आकार नियमात बसतो का. पुरवठावाल्यांनी विचारलं, नवा साचा लागेल त्याचा खर्च कोणाच्या खात्यात. गुणवत्ता, कायदा, फायनान्स, विभागीय कार्यालय, मुख्यालयातला कॅटेगरी विभाग, सगळ्यांकडे तो फिरला. मी मोजलं होतं: अकरा सह्या, सात महिने. त्या अकरांपैकी प्रत्येकाला 'नाही' म्हणता येत होतं, आणि 'हो' म्हणून विषय संपवू शकेल असा एकही नव्हता. मंजुरी आली तोवर स्थानिक स्पर्धकाचं लहान पाकीट दुकानांत जाऊन बसलं होतं.

निर्णय वर ठेवायचे की खाली द्यायचे हा वाद जुना आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक सी. के. प्रल्हाद आणि इव्ह डोझ यांनी १९८०च्या दशकात ही ओढाताण नीट मांडली: एकीकडे जगभर एकसारखं काम करून खर्च वाचवण्याची गरज, दुसरीकडे स्थानिक बाजाराला प्रतिसाद देण्याची. ख्रिस्तोफर बार्टलेट आणि सुमंत्र घोषाल यांनी ती पुढे नेली. मांडणी आजही कामाची आहे, पण ती शिकलेले लोक एक चूक हमखास करतात. ते या दोन गरजांचा आलेख काढून अख्ख्या कंपनीला त्यावर एका ठिपक्यात बसवतात आणि म्हणतात, 'आपण ग्लोबल' किंवा 'आपण लोकल'. एकाच कंपनीत मूलभूत संशोधन एका टोकाला असू शकतं, विक्री आणि किंमत दुसऱ्या टोकाला, आणि पॅकेजिंग मध्येच कुठेतरी. ठिपका कंपनीचा काढायचा नसतो, एकेका निर्णयाचा काढायचा असतो.

दोन्ही टोकांना गेलेल्या कंपन्या पाहा. फिलिप्सच्या देशोदेशीच्या शाखा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुख्यालयापासून तुटल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि पुढे अक्षरशः संस्थानं बनल्या. व्हिडिओ कॅसेटच्या लढाईत फिलिप्सने व्ही२००० हे स्वतःचं तंत्र आणलं, तेव्हा तिच्याच उत्तर अमेरिकी कंपनीने ते विकायला नकार दिला आणि जपानी कंपनीकडून प्रतिस्पर्धी व्हीएचएस तंत्राची यंत्रं घेऊन त्यावर आपलं नाव लावून विकली. शाखेची बाजाराची पारख बरोबर होती हे पुढे सिद्ध झालं. पण जगातला सगळ्यांत मोठा बाजार स्वतःच्या घरातच बंद झाल्यावर त्या तंत्राला काय भवितव्य राहणार होतं?

दुसरं टोक म्हणावं की मधला मार्ग, कोण जाणे, पण विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या एबीबीची गोष्ट त्या काळी फार गाजली. १९८८ मध्ये स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी एकत्र झाल्या. कंपनीचे प्रमुख पर्सी बार्नेविक यांनी तिथे मॅट्रिक्स रचना पुरेपूर राबवली: सुमारे १,३०० कंपन्या, ५,०००च्या आसपास नफा केंद्रं (स्वतःचा नफा-तोटा वेगळा दाखवणारे गट), आणि मुख्यालयात मात्र दोनशेहून कमी माणसं. खालच्या प्रत्येक प्रमुखाला दोन साहेब, एक देशाचा, एक व्यवसायाचा. जगभरच्या बिझनेस स्कूलांनी तिचे गोडवे गायले. १९९८ मध्ये, बार्नेविक यांच्यानंतर आलेल्या प्रमुखांच्या काळात, देशवार बाजू काढून ती मॅट्रिक्स मोडीत निघाली. यावरून 'मॅट्रिक्स वाईट' असा निष्कर्ष लोक काढतात, तो मला पटत नाही. दोन साहेब असायला हरकत नसते. दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हे लिहिलेलं नसतं तेव्हा खालचा माणूस मधल्या मध्ये भरडला जातो आणि दोघांनाही नाराज न करणारा, म्हणजे कुचकामी, निर्णय घेतो. आम्ही एकदा वारंवार येणारे पंचवीसेक निर्णय काढून प्रत्येकापुढे एकाच माणसाचं नाव लिहिलं. नावं लिहिताना जी भांडणं झाली ती त्या आधीच्या दोन वर्षांच्या रणनीतीच्या बैठकांत झाली नव्हती. ती व्हायलाच हवी होती.

संस्कृतीबद्दल मी तुमच्या प्राध्यापकांपेक्षा थोडं वेगळं सांगेन. 'परकी संस्कृती समजली नाही' हे अपयशाचं सगळ्यांत सोयीस्कर कारण आहे, कारण त्यात कोणाचंच नाव येत नाही. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीची जर्मनीतली गोष्ट सगळ्यांना माहीत असते: १९९७ मध्ये प्रवेश, २००६ मध्ये ८५ दुकानं तिथल्याच मेट्रो कंपनीला विकून माघार. हसतमुख स्वागत आणि पिशव्या भरून देणं जर्मन गिऱ्हाइकांना रुचलं नाही, एवढंच बहुतेक ठिकाणी रंगवून सांगतात. ते खरं आहे, पण मजेशीर आहे म्हणून जास्त सांगितलं जातं. त्याहून जड गोष्टी वेगळ्या होत्या. जर्मनीत आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानसाखळ्यांनी भाव आधीच तळाला नेलेले होते. खरेदी किमतीखाली सतत विक्री करायला तिथला स्पर्धा कायदा आडवा आला. विकत घेतलेली दुकानं दोन वेगवेगळ्या साखळ्यांची, विखुरलेली, त्यामुळे ज्या मोठ्या खरेदीच्या जोरावर अमेरिकेतला सगळा खेळ उभा होता तो जोरच नव्हता. कर्मचाऱ्यांसाठी आणलेल्या आचारसंहितेतली काही कलमं तिथल्या न्यायालयाने बेकायदा ठरवली. यातली एकही गोष्ट गूढ नव्हती. तिथल्या कुठल्याही अनुभवी दुकान व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी सांगितली असती.

आणि संस्कृती जवळची असेल तर? अमेरिकेतल्या 'टार्गेट' नावाच्या दुकानसाखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली. शेजारचा देश, बहुतांशी तीच भाषा, गिऱ्हाइकांना ब्रँड आधीच ठाऊक. दोन वर्षांच्या आत, जानेवारी २०१५ मध्ये, १३३ दुकानं बंद करून निघत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. सुमारे १७,६०० लोकांचं काम गेलं. तिथे घात केला तो मालाच्या नोंदींनी. नव्या संगणक प्रणालीत हजारो वस्तूंची मापं आणि तपशील घाईघाईत आणि चुकीचे भरले गेले, गोदामं तुडुंब आणि शेल्फ रिकामी. दुकानं मात्र ठरलेल्या तारखांना धडाधड उघडत राहिली, कारण तारीख वर ठरली होती. जवळचा देश म्हणून कोणी सावध नव्हतं, असं मला नेहमी वाटतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक पंकज घेमावत यांनी २००१ मध्ये अंतराचे चार प्रकार सांगितले: सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. टार्गेटची गोष्ट वाचताना मी त्यात मनातल्या मनात पाचवं घालते, ते मुख्यालयातल्या सभागृहापासून गोदामाच्या दारापर्यंतचं.

आता ज्या विषयाकडे स्ट्रॅटेजीवाले ढुंकून बघत नाहीत आणि जिथे माझ्या मते निम्मी रणनीती ठरते, तो म्हणजे ट्रान्स्फर प्राइसिंग. कंपनीची एक शाखा दुसऱ्या शाखेला माल देते तेव्हा त्याची आतली किंमत. आकड्यांत दाखवते. एका देशातला कारखाना एक भाग बनवतो. कच्चा माल आणि इतर बदलता खर्च ६०, स्थिर खर्चाचा वाटा २०, एकूण ८०. धोरण असं की खर्चावर २५ टक्के चढवायचे, म्हणजे विक्री करणाऱ्या शाखेला तो १०० ला पडतो. तिचा स्वतःचा खर्च १५. एक मोठं गिऱ्हाईक ११० द्यायला तयार आहे. शाखा हिशेब करते: ११० मिळणार, ११५ जाणार, ५ चा तोटा. ऑर्डर नाकारते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही नाकारली असती. पण कारखान्यात यंत्रं रिकामी उभी आहेत. स्थिर खर्च तसाही होणारच आहे. म्हणजे अख्ख्या कंपनीला खरा जादा खर्च ६० अधिक १५, म्हणजे ७५. कागदावरचे ५ वाचवायला कंपनीने खरे ३५ सोडले. आणि त्याच वेळी मुख्यालयात एक स्लाइड फिरत असते: 'या बाजारात हिस्सा वाढवणे हे आमचं पहिलं उद्दिष्ट'.

मग आतली किंमत कमी का करत नाही? करता येत नाही, निदान मनाला येईल तशी नाही. दोन्ही देशांचे कर अधिकारी बघत असतात की आपल्या वाट्याचा नफा शेजारी पळवला जातोय का. परक्या दोन कंपन्यांमध्ये जी किंमत ठरली असती तीच लावा, हे तत्त्व आता जवळजवळ सगळीकडे मान्य आहे. त्यात २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी किमान १५ टक्के कराच्या व्यवस्थेला संमती दिली. ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढालीच्या समूहांसाठी ती आहे, आणि बऱ्याच देशांनी तसे कायदेही केले आहेत. त्यामुळे कमी कराच्या देशात नफा साठवून ठेवायची जुनी युक्ती पूर्वीइतकी चालत नाही. काही समूहांनी केवळ करासाठी जी कार्यालयं थाटली होती, ती ठेवायची कशाला हा प्रश्न आता खरोखर रणनीतीचा झाला आहे. व्यवहारात उपाय असा असतो: कराच्या हिशेबासाठी एक किंमत, आणि व्यवस्थापकांचं काम मोजण्यासाठी वेगळा अंतर्गत ताळेबंद, ज्यात त्या ऑर्डरचे ३५ कारखान्याला आणि विक्री शाखेला दोघांनाही दिसतात. हिशेब तपासणाऱ्यांना दुहेरी मोजणी आवडत नाही. पण ती वर एकत्र करताना वजा करता येते. गेलेलं गिऱ्हाईक परत आणता येत नाही.

चलनाचंही असंच. समजा एका देशात गेल्या वर्षी विक्री २०० कोटी होती आणि डॉलरला २० चा दर, म्हणजे १० कोटी डॉलर. यंदा शाखेने घाम गाळून १२ टक्के वाढ केली, २२४ कोटी. दर मात्र २८ झाला. मुख्यालयाला दिसतात ८ कोटी डॉलर, म्हणजे २० टक्के घसरण. एकच वर्ष, एकच शाखा. एका खोलीत टाळ्या, दुसऱ्या खोलीत कपातीची चर्चा. शाखाप्रमुखाला दराबद्दल जबाबदार धरणं निरर्थक आहे, पण त्याला पूर्ण मोकळं सोडणंही धोक्याचं, कारण मग तो आयात कच्च्या मालावर खुशाल अवलंबून राहतो. आम्ही विक्री स्थिर दराने मोजायचो आणि आयातीचा वाटा हे वेगळं टार्गेट ठेवायचो. परिपूर्ण नाही, पण भांडणं निम्मी झाली.

काही देशांत प्रश्न दराच्या पुढे जातो. नफा होतो, पण देशाबाहेर काढता येत नाही. व्हेनेझुएलात चलन नियंत्रणामुळे अनेक परदेशी कंपन्यांवर ही वेळ आली, आणि २०१५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने तिथल्या शाखेचे आकडे एकत्रित हिशेबातून बाहेर काढताना सुमारे २ अब्ज डॉलरचा फटका दाखवला. कारखाना चालू, माणसं कामावर, माल विकला जातोय, आणि समूहाच्या ताळेबंदात ती शाखा जवळजवळ शून्य. असल्या देशात 'वाढ' या शब्दाचा अर्थ काय, हे आधी ठरवावं लागतं.

बाहेर पडण्याबद्दल कोणी आधी बोलत नाही. प्रवेशाची योजना शंभर पानांची असते, माघारीचं एक पानही नसतं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच मोटार कंपनी रेनोने २०२२ मध्ये रशियातल्या अव्टोवाझ या मोटार कंपनीतला आपला जवळपास ६८ टक्के हिस्सा एका रूबलला दिला. सहा वर्षांत परत विकत घेण्याचा हक्क तेवढा राखला. मॅकडोनाल्ड्सने त्याच वर्षी तिथली सुमारे ८५० रेस्टॉरंटं सोडली. १९९० मध्ये मॉस्कोत उघडलेलं पहिलं दुकान हे एका युगाचं प्रतीक मानलं जायचं. युद्ध कोणाला आधी सांगता येत नाही, मान्य. पण भागीदारीच्या करारात हिस्सा कोणाला, कोणत्या पद्धतीने विकता येईल, ब्रँडचं काय, कर्जाची हमी कोणी दिली आहे, हे शांततेच्या दिवसांत लिहून ठेवता येतं. तेव्हा समोरचाही हसतहसत सही करतो.

पुरवठा साखळीबद्दल आता इतकं बोललं जातं की मी लांबण लावत नाही. एकच गोष्ट सांगते. २०११ च्या जपानमधल्या भूकंप आणि सुनामीनंतर मोटार कंपन्यांना इंजिनाच्या, चिपच्या अडचणी आल्या हे सगळ्यांना आठवतं. पण काही गाड्या रंगामुळेही अडल्या. चमकदार रंगासाठी लागणारं झिरॅलिक नावाचं रंगद्रव्य जर्मनीतली मर्क कंपनी तेव्हा जगात एकाच ठिकाणी बनवायची, जपानमधल्या ओनाहामा कारखान्यात. तो थांबला आणि फोर्डसारख्या कंपनीला काही काळ्या आणि लाल छटांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. खरेदी विभागाकडे रंगाचे पुरवठादार कदाचित चार असतील. त्या चौघांचा पुरवठादार एक असेल तर ते तुमच्या यादीत दिसत नाही. तुमच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराला फोन करणं कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

नियमांचा भाग वकिलांवर सोडता येईल असं वाटतं, तसं नाही. युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा २०१८ पासून लागू आहे आणि त्यात दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. युरोपातला नाही, जगातला. २०२३ मध्ये युरोपातल्या वापरकर्त्यांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, १.२ अब्ज युरोंचा दंड झाला. म्हणजे माहिती कुठे साठवायची हा आयटी विभागाचा प्रश्न राहिला नाही. लाचेचंही तेच. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने २००८ च्या अखेरीस अमेरिका आणि जर्मनीतली प्रकरणं मिटवताना सुमारे १.६ अब्ज डॉलर भरले. अशा प्रकरणांत मला दरवेळी विक्रीच्या टार्गेटांचा तक्ता बघावासा वाटतो. ज्या देशात सरळ मार्गाने ती विक्री शक्य नव्हती, तिथे ती टार्गेटं कोणी दिली होती?

माणसांबद्दल एकच तक्रार आहे. मुख्यालयातून पाठवलेला शाखाप्रमुख तीन वर्षांसाठी येतो. पहिलं वर्ष समजून घेण्यात, दुसरं बदल करण्यात आणि तिसरं पुढच्या नेमणुकीच्या शोधात जातं. त्याने लावलेल्या झाडाची फळं किंवा काटे दुसऱ्याच्या वाट्याला येतात. स्थानिक माणूस प्रमुख केला तर त्याला बाजार कळतो, पण मुख्यालयात त्याचा फोन उचलणारं कोणी नसतं. मी पाहिलेल्या सगळ्यांत चांगल्या शाखाप्रमुख स्थानिक होत्या आणि मधली चार वर्षं त्यांनी मुख्यालयात काढलेली होती. हा योगायोग नव्हता, पण धोरणही नव्हतं. कोणीतरी रजेवर गेलं म्हणून त्यांना तिथे बोलावलं होतं.

सुरुवात कुठून करायची, या तुमच्या प्रश्नाकडे येते. नव्या आराखड्याच्या मागे लागू नका. गेल्या वर्षभरातला उशिरा झालेला एक निर्णय निवडा. फार मोठा नको, मधला. आणि चार तारखा शोधा: गोष्ट कोणाला तरी पहिल्यांदा कळली ती तारीख, पहिल्यांदा लेखी आली ती, सही करणाऱ्याच्या टेबलावर पोचली ती, आणि सही झाली ती. ईमेलमधून शेवटच्या तीन सहज मिळतात. पहिलीसाठी माणसांशी बोलावं लागतं, तेही ऑफिसच्या कॉलवर नाही, कारण तिथे कोणी बोलत नाही.

मुख्यालयात आल्यावर मी हे पहिल्यांदा केलं ते एका देशातल्या किंमत बदलाच्या निर्णयाबाबत. तो एका तिमाहीहून जास्त उशिरा झाला होता आणि सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की माझ्या साहेबांनी फाईल दाबून ठेवली. त्या लहान पाकिटासारखीच ही गोष्ट असणार, असं मलाही वाटलं होतं. साहेबांच्या टेबलावर ती नऊ दिवस होती. लेखी प्रस्ताव तिथपर्यंत पोचायला तीन आठवडे. उरलेले पाच महिने पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मध्ये होते. तिथल्या प्राइसिंग मॅनेजरला स्पर्धकाने भाव उतरवल्याचं जानेवारीतच दिसलं होतं. मग जूनपर्यंत लिहिलं का नाही, असं मी विचारलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "लिहिलं असतं तर बारा स्लाइड कराव्या लागल्या असत्या."